कोऱ्या पानानंतर

आमच्या घरात अकरा वर्षं मी टपालखातं चालवलं. कामाच्या टेबलाच्या या टोकाला आत्या, त्या टोकाला बाबा आणि मधे मी. "तुझ्या बाबाला सांग, खळ पातळ झालीय," असं आत्या म्हणायची. बाबा दोन हातांवर बसलेले, कान शाबूत. तरी मी मान वळवून सांगायची, "बाबा, खळ पातळ झालीय." "तिला सांग, पीठ संपलंय." मी पुन्हा मान वळवायची. एकदा मी तापानं आठ दिवस अंथरुणाला खिळले होते. ही दोघं काय करत असतील या काळजीनं चौथ्या दिवशी उठले आणि कारखान्याच्या दारातून डोकावले. आत्या पुस्तकं दाबायच्या शिकंज्याला सांगत होती की उद्या कातडं भिजत घालायला हवं. बाबांनीही शिकंज्याकडे बघूनच उत्तर दिलं, "बरं."

मी मुळात चिडकी. लहानपणापासून राग माझ्या नाकावर असतो आणि तो तिथून खाली उतरावा असं मला कधी वाटलेलं नाही. तेव्हा या दोघांचं कौतुक मी करते, ते प्रेमानं आंधळी होऊन करते असं कुणी समजू नये. दोघांनी मला पुरेसं छळलेलं आहे.

आमचा धंदा पुस्तकबांधणीचा. आजोबांचा कारखाना, म्हणजे उत्तरेकडे मोठ्या खिडक्या असलेली एक लांबट खोली. तिच्यात एक टेबल, एक शिकंजा आणि सरस गरम ठेवायची शेगडी. कागदाच्या घड्या घालून फर्मे जुळवायचं काम माझं. ते शिवायचं काम बाबांचं. पुठ्ठा, कातडं, कणा आणि वरची सोनेरी अक्षरं हे आत्याचं. आत्या थोरली, लग्न न केलेली, काठीसारखी ताठ. बाबा तिच्याहून सहा वर्षांनी लहान आणि जरा मऊ. एकाचं काम संपतं तिथं दुसऱ्याचं सुरू होतं, त्यामुळे न बोलताही पुस्तकं तयार होत होती. नाहीतर कारखाना कधीच बसला असता.

भांडण वहीवरून होतं. वही म्हणजे राणीची वही, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही, पण सांगते. तीनशे वर्षांपूर्वी आमची शेवटची राणी मोठी लढाई जिंकून परत आली, तिनं मुकुट काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, आता या गादीवर कुणी बसायचं नाही. मग नदीकाठच्या दोन खोल्यांत जाऊन राहिली. तिथं तिनं स्वतः शिवलेल्या एका वहीत नव्याण्णव पाठ लिहिले. कसं वागावं, कसं भांडावं, आजाऱ्याजवळ कसं बसावं, असे साधे पाठ. तेव्हापासून देश सभा चालवते आणि माणसं वही वाचतात. राणीनंतर राजे होत राहिले असते तर आपण कसे असतो, यावर शाळेत निबंध लिहायला लावत. मी दरवर्षी लिहायची की तेव्हाही पुस्तकांची शिलाई सुटलीच असती. मार्क बेताचेच पडत.

नव्याण्णवाव्या पाठानंतर वहीत एक पान कोरं आहे. सगळा घोळ तिथं. काहींचं म्हणणं, राणीनं ते मुद्दाम कोरं सोडलं, कारण सगळं सांगून संपत नाही हेच तिला सांगायचं होतं. ही माणसं रोज संध्याकाळी त्या पानावर तळहात ठेवून घटकाभर गप्प बसतात. त्यांना कोरे म्हणतात. दुसऱ्यांचं म्हणणं, कोऱ्या पानानंतर आणखी एक पान होतं, त्यावर शंभरावा पाठ होता, आणि तो न पटलेल्या कुणीतरी, म्हणजे अर्थातच कोऱ्यांच्या पूर्वजांनी, ते पान कापून टाकलं. राणीचे कपडे धुणाऱ्या बाईला तो पाठ तोंडपाठ होता, तिच्यापासून तो चालत आला. ही माणसं तो पाठ आपल्या वह्यांत छापतात आणि रोज उभं राहून म्हणतात. ते लिखिते. पाठ तीनच वाक्यांचा आहे:

"जो आधी पोहोचेल, त्यानं दार उघडं ठेवावं. जो मागे राहील, त्यानं घाई करू नये. वाट एकच आहे."

या तीन वाक्यांपायी गावात लग्नं मोडली, दुकानं वेगळी झाली, प्रार्थनाघरात मधून दोरी बांधली गेली.

आमचं घर मूळचं कोऱ्यांचं. आई लिखित्यांच्या घरातली. लग्नानंतर बाबा लिखिते झाले, आणि नुसते बायकोसाठी नाही, मनापासून झाले. बरीच वर्षं घरात वादच नव्हता. संध्याकाळी आत्या आतल्या खोलीत कोऱ्या पानावर हात ठेवून बसायची, आईबाबा बाहेर उभं राहून शंभरावा पाठ म्हणायचे आणि मग सगळे एकत्र जेवायला बसायचे. आई आणि आत्या तर एकमेकींचे केस विंचरून द्यायच्या. आत्याचा ताठ कणा फक्त आईसमोर जरा वाकायचा.

मग आई आजारी पडली, आणि त्याच वर्षी गावातलं भांडण पेटलं. प्रार्थनाघरात सगळ्या कोऱ्यांनी हात वर करून शपथ घेतली की जिथं शंभरावा पाठ म्हटला जातो तिथं आम्ही थांबणार नाही. आत्यानंही हात वर केला होता. आत्यानं शब्द दिला की दिला. दुकानदाराला दिला असला तरी.

आई गेली ती दुपारी तीनच्या सुमारास. आत्या तिच्या पायांशी बसून तळवे चोळत होती. आईनं बाबांना खूण केली, पाठ म्हणा. बाबांनी वही उघडली. आत्या उठली. आई म्हणाली, "ताई, थांबा ना." आत्या दारापर्यंत गेली, क्षणभर चौकट धरून उभी राहिली आणि बाहेर गेली. तिच्या मागे दार लागलं. बाबांनी पाठ म्हटला. आईचे डोळे दाराकडे होते, पण तिसऱ्या वाक्याला तिचा चेहरा निवळला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वाट एकच आहे, हे ऐकून ती गेली.

त्या दिवसापासून बाबा आत्याशी बोलले नाहीत. आत्यानंही समजूत घातली नाही, कारण समजूत घालणं तिला येतच नव्हतं. मी दोघांवरही चिडले आणि टपालखात्यात रुजू झाले.

दरवर्षी आईच्या दिवशी बाबा तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहून तो पाठ म्हणत. आत्या आधीच खोलीतून निघून जाई. तो पाठ खुद्द राणीचा आहे, राणीनं दिलेलं वचन आहे, या एका गोष्टीवर बाबांचं पुढचं आयुष्य उभं होतं. आई कुठंतरी दार उघडं ठेवून आहे आणि आपण घाई करायची नाही. त्यांनी खरंच घाई केली नाही. सकाळी उठले, शिवायला बसले, अशी अकरा वर्षं काढली.

अकराव्या वर्षी मूळ वहीचा कणा मोडला.

प्रार्थनाघरात काचेखाली ठेवलेली ती मूळ वही. धागा कुजून पानं निसटायला लागली होती, ती उसवून पुन्हा शिवायलाच हवी होती. आणि उसवायची म्हटल्यावर गावाला घाम फुटला. कारण कागद मधोमध दुमडला की त्याची दोन पानं होतात. असे तीनचार कागद एकात एक घातले की फर्मा होतो, आणि तो घडीतून शिवतात. म्हणजे पानं जोडीनं असतात. एक पान कापलं तरी त्याचा जोडीदार शिल्लक राहतो, आणि कापलेल्याच्या जागी घडीपाशी नखाएवढी पट्टी राहते. शेवटचा फर्मा उसवला की कोऱ्या पानानंतर पान होतं की नव्हतं हे कळणार. म्हणूनच शंभर वर्षं दोन्ही बाजूंनी उसवायचं नाव काढलं नव्हतं.

सभेनं ठरवलं, जे दिसेल ते लिहून घ्यायचं, आणि ज्यांचं म्हणणं खोटं ठरेल त्यांनी प्रार्थनाघर सोडायचं. आता काम कुणाला द्यायचं? कोऱ्या बांधणीवाल्यावर लिखित्यांचा विश्वास नाही, लिखित्यावर कोऱ्यांचा नाही. सहा महिने वाद घातल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की एका कारखान्यात दोन्ही एकाच टेबलाशी बसतात. एकमेकांशी बोलत नाहीत हेही लोकांना पसंत पडलं. संगनमत व्हायची भीती नाही.

वही सकाळी आली. बरोबर दोन साक्षीदार. कोऱ्यांकडून मुलींच्या शाळेतल्या निवृत्त मास्तरीणबाई, बोलताना समोरच्याची वही तपासल्यासारख्या बघणाऱ्या. लिखित्यांकडून चौकातले औषधवाले, ज्यांना बारा महिने सर्दी असे. गावाला खोकल्याची बाटली देणाऱ्या माणसाचं नाक कधी थांबलं नाही, हा आमच्याकडे जुना विनोद आहे.

आत्यानं आदल्या दिवशीच टेबल घासून घेतलं होतं. वही पाहिली आणि मी टेबलाशी वाकले. लहान होती हो, हाताच्या पंजाएवढी. पुठ्ठ्यावर कातडं कसलं, जुन्या पडद्याचं कापड होतं. एका टाक्यात गाठ बसली होती, ती तशीच ठेवलेली. देशाची गादी सोडून आलेल्या बाईनं खिडकीशी बसून सुईत दोरा ओवला असेल, आणि तो पहिल्या खेपेला ओवला गेला नसेल. मी कशातच नाही, कोरी नाही, लिखिती नाही, पण त्या गाठीला मी मनातल्या मनात हात जोडले.

आधी आत्याचं काम. तिनं मागचा पुठ्ठा सोडवायला घेतला. हाडाची पट्टी कागदाखाली सरकवत, मधेमधे थांबत, श्वास धरून. बाबा शेगडीपाशी पाणी कोमट करत होते. मास्तरीणबाई खिडकीशी जाऊन चष्मा पुसत होत्या. औषधवाले रुमालात शिंकत होते. पुठ्ठ्याला चिकटवलेला कागद उचलला गेला, आणि त्याच्याखाली, कोऱ्या पानाच्या मागे, घडीला लागून एक पट्टी दिसली. सरसानं काळी पडलेली, सरळ, नखाएवढी रुंद.

मी शेजारी उभी होते. कोऱ्या पानानंतर पट्टी. म्हणजे तिथं पान होतं.

आत्याच्या अंगठ्याचं नख त्या पट्टीवर होतं. तीनशे वर्षांचा कागद, जरा ओढला असता तर त्याचा भुगा झाला असता, आणि टेबलावर तसला भुगा हवा तेवढा पडला होता. खिडकीशी चष्मा अजून पुसला जात होता. आत्याचा सगळा जन्म त्या कोऱ्या पानावर हात ठेवण्यात गेला होता. त्यासाठी तिनं आईला शेवटच्या घटकेला सोडलं होतं. ते पान शेवटचं नाही असं ठरलं, तर तिचं ते दाराबाहेर जाणं कशासाठी होतं? मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खरं सांगते, त्या क्षणी तिनं नख ओढलं असतं तर मी आयुष्यभर गप्प बसले असते.

तिनं नख उचललं. हात मांडीवर ठेवला.

"धाकट्या, इकडे ये," ती म्हणाली.

बाबांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं, मी निरोप कधी देते याची वाट बघत. मी तोंड उघडलं नाही.

"तिच्याकडे काय बघतोस. तुलाच म्हणतेय."

बाबा हातातलं भांडं तसंच घेऊन आले. आत्यानं पट्टी दाखवली, मग मान वर करून साक्षीदारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोऱ्या पानानंतर पट्टी आहे. पुढे आणखी एक पान असावं असं दिसतंय. लिहून घ्या."

मास्तरीणबाई चष्मा न लावताच धावत आल्या. "नीट बघा तुम्ही."

"नीट बघूनच सांगतेय."

"अहो, पण तुम्ही आपल्या..."

"आपल्यांपैकी आहे म्हणून काय दिसतं ते दिसत नाही असं म्हणू?"

मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या. औषधवाले उभेच होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सर्दीचं नव्हतं. "लिहा," ते कसंबसं म्हणाले. "ताईंच्याच तोंडून आलंय. लिहा."

बाबा खाली वाकले होते. त्यांनी पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदाच, हळू, जसं ते शिवण्याआधी प्रत्येक घडीवरून फिरवतात.

"थांबा," ते म्हणाले. "अजून सरस निघालेला नाही."

हा आजोबांचा नियम. सरस काढल्याशिवाय कडेबद्दल बोलायचं नाही. दोघांना लहानपणी छड्या खाऊन शिकवलेला.

"आता कशाला सरस काढता?" औषधवाले म्हणाले. "काय ते कळलं की."

बाबांनी हातातलं भांडं टेबलावर ठेवलं. मऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून, निथळून, पट्टीच्या कडेला लावला. मग थांबले. पुन्हा लावला. जुना सरस मऊ व्हायला वेळ लागतो. मी बाबांना नंतर विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाले, बोट फिरवलं तेव्हाच. म्हणजे ब्रश उचलायच्या आधी त्यांना ठाऊक होतं. नुसते गप्प राहिले असते तर काम झालं होतं. शंभरावा पाठ राणीचा ठरला असता, आईचं ते शेवटचं ऐकणं खरं ठरलं असतं, आणि ते ठरवणारी साक्ष खुद्द आत्याची असती. अकरा वर्षांनंतर माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

सरस सुटला. त्यानं चिकटून सरळ दिसणारी कड उलगडली, आणि तिच्यातून बारीक मऊ तंतू बाहेर आले, कापसाच्या वातीसारखे.

"ताई, भिंग दे," बाबा म्हणाले. आत्यानं दिलं. त्यांनी औषधवाल्यांना जवळ बोलावून भिंग त्यांच्या हातात दिलं.

"सुरीनं कापलं की कड स्वच्छ तुटते. ही कापलेली नाही. हातकागदाची मूळची कड अशी असते, साच्यातून निघताना होते तशी. म्हणजे कागद इथंच संपत होता. हे बघा, या फर्म्याचं पहिलं पान. ही पट्टी त्याच पानाची आहे. अर्धाच कागद उरला असेल तर त्याचं एक पान होतं, पण ते शिवायचं कुठून? म्हणून घडीपलीकडे एवढीशी पट्टी सोडतात. आम्ही तिला ओठ म्हणतो. आम्हीपण करतो तसं, कागद आखूड पडला की." त्यांचा आवाज तोवर ठीक होता. "पलीकडे पान कधीच नव्हतं."

"नीट बघ, धाकट्या," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. ती त्याला माघार घ्यायला जागा करून देत होती.

"नीट बघितलं, ताई."

औषधवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. "तुम्ही आमचे ना?" त्यांनी विचारलं. चिडून नाही, अगदी लहान मुलासारखं विचारलं.

"तुमचाच आहे," बाबा म्हणाले. "पण कड कापलेली नाही. मी काय करू."

मास्तरीणबाईंनी ते झटकन लिहून घेतलं आणि सही केली. औषधवाल्यांनी कागद तीनदा वाचला, पेन उचललं, ठेवलं, नाक पुसलं. मग खुर्ची ओढून बसले आणि पूर्ण नाव लिहून सही केली. त्या सहीसाठी मला त्या माणसाविषयी आजही आदर आहे. त्यानंतर त्यांच्या सर्दीवर मी कधी विनोद केला नाही, म्हणजे फारसा केला नाही.

दुपारभर दोघांनी काम केलं. बाबांनी जुन्याच भोकांतून नवा धागा नेला, ओठ जपून शिवला. गाठीच्या जागी पुन्हा गाठ घातली. आत्यानं पडद्याचं ते कापड नव्या पुठ्ठ्यावर बसवलं. एकमेकांना फक्त "धर" आणि "सोड" एवढंच म्हणाले. मी कोपऱ्यात बसून माझं रडं आवरत होते आणि ते आवरत नाही म्हणून चिडत होते. देशात मोठमोठी माणसं आहेत, सभेत भाषणं करतात. मी त्या दिवशी दोन माणसं पाहिली, ज्यांनी एका तासात आपापल्या हातानं आपापलं सर्वस्व टेबलावर ठेवलं, आणि मग जेवायला उशीर झाला म्हणून कुरकुर केली.

याच्यानं गावातलं भांडण मिटलं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं माणसं पाहिलेली नाहीत. लिखित्यांनी प्रार्थनाघर सोडलं आणि जुन्या गोदामात बसायला लागले. काही म्हणाले, पाठ दुसऱ्या वहीत होता. काही बाबांना रस्त्यात टाळू लागले. कोऱ्यांनी आत्याला टाळलं, कारण तिनं आधी "पान असावं" म्हटलं होतं, आणि ते काही त्यांच्या मनातून जाईना. थोडक्यात, दोघंही दोन्हीकडून गेली. आणि घरी? घरी दुसऱ्या दिवशी आत्या मला म्हणाली, "तुझ्या बाबाला सांग, दोरा मेणात बुडवायचा राहिलाय." मी डोक्याला हात लावला आणि मान वळवली.

बाबा मात्र बदलले. संध्याकाळी उभे राहत, वही उघडत, नव्याण्णव पाठांतला एखादा वाचत आणि मिटून टाकत. शंभराव्याला हात लावत नसत. काम तेवढंच, जेवण तेवढंच, पण सुई ओवताना मधेच थांबून खिडकीबाहेर बघत बसत. एकदा म्हणाले, "कपडे धुणाऱ्या बाईनं रचलं असेल. तिचं कुणी गेलं असेल." मग जरा वेळानं, "तिला मी खोटंच वाचून दाखवलं गं." आईबद्दल बोलत होते. मी सुई ओवून त्यांच्या हातात दिली.

चार महिन्यांनी आईचा दिवस आला. दुपारचे तीन. आईची खुर्ची खिडकीजवळ, तिच्यावर तिची शाल. बाबा समोर उभे राहिले, नेहमीसारखे. आत्या तीनच्या आधीच उठून गेली, नेहमीसारखी. बाबांनी वही उघडली नाही. नुसती छातीशी धरून उभे होते. मी वाट पाहिली. त्यांनी मान हलवली आणि वळून जायला निघाले.

दार उघडलं. आत्या आत आली.

ती बाबांच्या शेजारी येऊन उभी राहिली, ताठ, हात दोन्ही बाजूंना सोडून. हातात वही नव्हती, आणि तिच्या वहीत ते छापलेलंही नव्हतं.

"जो आधी पोहोचेल, त्यानं दार उघडं ठेवावं," आत्या म्हणाली. "जो मागे राहील, त्यानं घाई करू नये."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "तुला कसं येतं?"

"दरवर्षी दाराबाहेर उभी असते. आत यायचं नाही अशी शपथ होती. ऐकायचं नाही अशी नव्हती."

"आणि शपथेचं काय?"

"मोडली आत्ता." दुकानदाराला दिलेला शब्दही न मोडणारी माझी आत्या हे म्हणाली. "ती थांब म्हणाली तेव्हाच मोडायला हवी होती. अकरा वर्षं मला ते सांगता आलं नाही."

बाबांनी छातीशी धरलेली वही खाली घेतली. "राणीनं नाही गं लिहिलेलं ते, ताई. मीच तर दाखवलं."

"नसेल लिहिलं. वहिनीनं ऐकलं ना? तिचा चेहरा कसा निवळला ते मी पाहिलंय, दाराच्या फटीतून. मग झालं." तिनं खुर्चीकडे पाहिलं. "तिसरं वाक्य मला म्हणता येत नाही. तू म्हण."

बाबांनी घसा साफ केला. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा आवाज निघाला.

"वाट एकच आहे."

आत्यानं आईची शाल सरळ केली, तिची एक घडी सुटली होती ती नीट घातली. बाबांनी बाहीनं डोळे पुसले. मीही पुसले, उगाच चिडून. जाताजाता आत्या दारात थांबली. मी मान वळवायच्या तयारीत होते, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"उद्या खळ जरा घट्ट कर रे," ती बाबांना म्हणाली. "पातळ होतेय हल्ली."